गडग्याबाहेरची फांदी

काचेच्या ताटलीत कडं उठलं नव्हतं.

स्वप्नाने ताटली खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. बघून बघून काय बदलणार होतं? रत्नागिरीतल्या कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत ती इतकी वर्षं हेच करत आली होती. ताटलीभर हॉस्पिटलातून आलेला एक हट्टी जंतू पसरायचा, मधोमध आपल्या बुरशीचा तुकडा ठेवायचा आणि वाट बघायची. बुरशीत दम असला की तिच्याभोवतीचा जंतू मरतो, आणि चंद्राला खळं पडावं तसं स्वच्छ, गोल कडं उठतं. पहिल्यांदा ते उठलं तेव्हा ती एकटीच्या एकटी मोठ्याने हसली होती. आज जंतू बुरशीच्या अंगाला येऊन भिडला होता. नुसता भिडला नव्हता, वर चढला होता, उष्ट्या ताटावर माश्या बसाव्यात तसा.

सलग तिसरी ताटली.

आपटावीशी वाटली, पण तिने आपटली नाही. त्यातला जंतू एका माणसाचा पाय खाऊन आलेला होता. कुणी ट्रकवाला होता. पायाला साधा पत्रा लागल्याचं निमित्त झालं, एकामागून एक औषधं हरली आणि शेवटी गुडघ्यापासून पाय काढावा लागला. तो माणूस तिने कधी पाहिला नव्हता. पण पहिलं खळं पडलं तेव्हा तिला तोच आठवला होता, आणि आजही तोच आठवला. तिची कानशिलं तापली.

तिची बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती नव्हे. ही झाडाच्या पानात राहणारी. पान वरून बघावं तर निरोगी, हिरवंगार, आणि आत मात्र ही सुताच्या धाग्यासारखी पसरलेली. झाड तिला थारा देतं, साखर देतं, आणि ती झाडावर चालून येणाऱ्या जंतूंना मारणारं रसायन करते. तिला बाहेर काढायचं तर पान आधी स्पिरिटात, मग ब्लीचच्या पाण्यात, मग निर्जंतुक पाण्यात धुवायचं. वरचं सगळं मेलं पाहिजे आणि आतलं जगलं पाहिजे. शेवटच्या धुण्याचं पाणीसुद्धा ताटलीत ओतून ठेवायचं. त्यात काही उगवलं तर धुणं कच्चं राहिलं, सगळं फेकायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. या धुण्यात स्वप्नाचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

म्हणूनच विनीत सरांनी विचारलं तेव्हा तिला ते जास्त झोंबलं.

"हात नीट धुतले होतेस ना?"

"धुतले होते, सर."

"तसं नाही गं, विचारतो आपलं. कधी कधी घाईत राहून जातं."

"शेवटच्या पाण्याची ताटली कोरी आहे. दाखवू?"

"राहू दे, राहू दे." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला सगळ्यांना आंबावडी वाटायचा. "पुण्याच्या औषध कंपनीला नमुना पुढच्या महिन्यात पाठवायचाय. त्याच्या आधी पेपर जायला हवा. जुने फोटो आहेत ना आपल्याकडे? किती सुंदर खळं आलंय त्यात!"

"फोटो आहेत. बुरशी मुकी झालीय."

"ती होईल गं परत सुरू. तोवर फोटो..."

"पुण्याचे लोक फोटोतून औषध काढणार आहेत का, सर?"

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अशी तडकू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगतोय," एवढं म्हणून ते तासाला निघून गेले.

बुरशी मुकी का झाली, हे स्वप्नाला ठाऊक होतं. या जातीत हे होतं, असं तिने वाचलं होतं. वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. झाडातून काढलेली बुरशी नळीत वाढवायची. नळी भरली की तुकडा काढून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसऱ्या नळीत. नळीत बटाट्याचं पाणी, साखर, आणि ते गोठवायला आगराची पूड. आयतं खाणं, वैरी कुणी नाही, झाडाची चाहूल नाही. माहेरच्या अंगणात चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारी पोर सासरी हळूहळू बोलायची थांबते, तशी ही थांबली होती. ती मेली नव्हती. पांढरीशुभ्र वाढत होती, बाळसं धरत होती. फक्त ज्यासाठी तिला आणली होती, ते करायचं विसरली होती.

उपाय एकच होता. तिला तिच्याच झाडाच्या जिवंत पानात पुन्हा सोडायचं, राहू द्यायचं, आणि मग परत काढायचं. कधी कधी आठवतं तिला. आणि एकदा आठवलं म्हणून भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा मुकी होणारच. म्हणजे झाड जन्माचं हाताशी हवं.

झाड होतं देवरूखच्या पुढे, धामणखोल या तिच्या मूळ गावात, देवळाभोवतीच्या राईत. राईला तिकडे देवरहाटी म्हणतात. त्या रहाटीतली म्हातारी सुरंगी. स्वप्नाने आंजर्ल्यापासून राजापूरपर्यंतच्या सुरंगी धुंडाळल्या होत्या, पण ही बुरशी दुसऱ्या कुठल्याच झाडात निघाली नव्हती. आणि ती तरी निघाली कशी? रहाटीभोवती जांभ्या चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्याच्या आतलं पानही देवाला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा गावाचा नेम. पण त्या सुरंगीची एक फांदी गडगा ओलांडून बाहेर आली होती, बौद्धवाडीच्या वाटेवर. ती फांदी कुणाची, यावर गावात कधी बोलणं झालंच नव्हतं. फुलांच्या दिवसांत गडग्याच्या आत गावातल्या बायका लुगडी अंथरून बसायच्या आणि बाहेर त्या एका फांदीखाली वाडीतल्या बायका. लहानपणी सुट्टीत आली की स्वप्ना आत्याबरोबर जायची. कमलाआत्या फुलं वेचता वेचता गुणगुणायची:

*फूल सुरंगीचं बाई, पडं गडग्याच्या पल्याड,*
*वारा माझा पाठचा भाऊ, आणी ओढून अल्याड.*

स्वप्नाने पानं तोडली ती त्या बाहेरच्या फांदीची. कुणाला विचारलं नाही. विचारणार नव्हतीच. तिचे आजोबा छप्पन सालाच्या आधी होळीचं लाकूड खांद्यावरून गडग्यापर्यंत वाहून आणायचे आणि तिथेच उतरवायचे. पुढचं चार पावलांचं अंतर दुसरे खांदे न्यायचे. धम्म घेतल्यावर आजोबांनी ते काम सोडलं, आणि नंतर मरेपर्यंत त्या वाटेने गेले तरी गडग्याकडे मान वळवली नाही.

आणि म्हणूनच गेल्या वर्षी ग्रामसभेत ती जे बोलली ते बोलली.

देवळापुढे सभामंडप घालायचा होता, मुंबईकर मंडळाची इच्छा. मंडपाच्या आणि गाड्या लावायच्या जागेत सुरंगी येत होती. कुणीतरी म्हणालं, अहो, त्या झाडावर कॉलेजच्या बाईंचं संशोधन चाललंय. तेव्हा गावचे मानकरी आत्माराम उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गो सहदेवाच्या पोरी, आमच्या देवाच्या झाडानं तुझं भलं केलं म्हणायचं. अजून लागणार काय तुला?"

आमच्या देवाच्या झाडानं! ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांपुढे आजोबांची न वळलेली मान आली. ती ताठ उभी राहिली.

"तुमच्या झाडाची मला गरज नाही," ती म्हणाली. "मला हवं होतं ते माझ्या नळीत आहे."

तिच्याबरोबर सभेला आलेल्या विनीत सरांनी तेव्हा टाळी वाजवली होती.

* * *

"आत्या, सुरंगी फुललीय का गं?" स्वप्नाने फोन लावला.

"फुलल्येय तर. पण आता वेचून घे म्हंजे झालं. उद्या सकाळी तोडतायत."

"काय?"

"ओरडतेस कशाला कानात? मशीन येऊन उभी हाय देवळापाशी. तूच सांगितलंस ना, नको म्हणून?"

स्वप्नाने पुढचं ऐकलं नाही. ताटल्या तशाच ठेवल्या, थर्माकोलचा डबा उचलला आणि स्टँड गाठला. देवरूखची एसटी, तिथून वडापची जीप. सगळ्या वाटेवर आंब्याच्या बागा मोहोरलेल्या होत्या. तिने एकीकडेही बघितलं नाही. राग कुणावर धरावा हेच ठरत नव्हतं. सरांवर धरला तर त्यात आपणही येत होतो, गावावर धरला तरी त्यात आपणच.

गडग्याजवळ ती उतरली तेव्हा उन्हं कलती झाली होती. वास आधी आला. सुरंगीचा वास लाजाळू नसतो. तो अंगावर धावून येतो. जून फांद्यांना बिलगून कळ्यांचे घोस लागले होते, मधमाश्यांचा नुसता गजर चालला होता. खाली, गडग्याबाहेर, पिवळं जेसीबी उभं होतं आणि त्याच्या सावलीत आत्माराम चार माणसांबरोबर सुपारी कातरत बसले होते.

"या, या! डॉक्टरीणबाय आली," ते म्हणाले. "निरोप घ्यायला आलीस काय झाडाचा?"

"काका, झाड तोडू नका."

अडकित्ता थांबला.

"माझं चुकलं होतं," स्वप्ना म्हणाली. एसटीत हे वाक्य तिने कितीदा तरी घोळवलं होतं. "नळीतली बुरशी काम करेनाशी झालीय. तिला हे झाड लागणार. आत्ताच नाही, कायमचं लागणार. त्या बुरशीत औषध आहे. माणसांचे पाय वाचतील. मंडप थोडा सरकवा, जागा आहे तिकडे."

"बुरशी?" बसलेल्यांतला एक जण म्हणाला. "अवो बाय, पावसात आमच्या चपलांवर इतकी येते! पोतं भरून न्या."

"सासऱ्याच्या कोटावर पण हाय," दुसरा म्हणाला. "लग्नातला कोट. त्याच्यावर पीएचडी होईल काय?"

सगळे हसले. आत्माराम हसले नाहीत. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"असं बघ पोरी, आता माझ्या हातात नाय. देवाचा कौल झालाय."

कौल म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. देवाच्या अंगाला फुलांचे कळे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपलं म्हणणं देवापुढे मोठ्याने मांडायचं, आणि मग बघत बसायचं. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

"आणि तुला खोटं कशाला सांगू," आत्माराम पुढे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुठेही खोट नव्हती, "पहिल्यांदा डावाच पडला. देव नको म्हणाला. मग गुरव म्हणाला, गाऱ्हाण्यात काय राहिलं असंल, परत घालू. तेव्हा मला आठवलं. मी देवाला सांगितलं, बा महाराजा, ज्या बायचं ह्या झाडावर काम होतं ती सहदेवाची स्वप्ना भर सभेत बोलली हाय, मला गरज नाय म्हणून. कुणाचं काय अडत नाय. आता तरी उजवा दे. आणि दिला! पटकन दिला बघ. तुझ्या शब्दावर दिला."

स्वप्नाला आधी काही कळेचना. कळ्यांवरच्या माश्या डोक्यात शिरल्यासारखं झालं.

"माझं नाव घेतलंत?"

"घेतलं की. मानानं घेतलं."

"आत? देवापुढं?"

"तर काय बाहेर?"

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "माझ्या आजाचं नाव कधी त्या गाऱ्हाण्यात घेतलंत? त्याला ताप आला, त्याची पोर गेली, तेव्हा मांडलंत कधी त्याचं म्हणणं? खांद्यावरचं लाकूड इथं उतरवून घ्यायचात. शब्दसुद्धा इथंच उतरवायचात. आणि इतक्या पिढ्यांनी आमच्या घरातला पहिला शब्द आत गेला, तो झाड पाडायला?"

"आता ते जुनं कशाला? आता कोण अडवतं? ये की आत."

"मग थांबवा उद्याचं."

आत्माराम उठले, धोतर झटकलं. "देवाला परत विचारता येतं. तशी रीत हाय. तुझ्यावतीनं मी गाऱ्हाणं घालतो. ते मानकऱ्यानंच घालायचं असतं. पण तू म्हणायचं, देवा चुकले, पदरात घे."

"माझ्यावतीनं घातलंत की एकदा. पुरे झालं."

"म्हंजे नको?"

"मी देवाला विचारायला आलेली नाही. मी तुम्हाला विचारतेय. मशीन तुम्ही आणलंय. तुम्ही, आत्माराम, हे झाड तोडणार का?"

काका सोडून नुसतं नाव घेतलेलं ऐकून बसलेली माणसं चपापली. आत्मारामांचं तोंड लालबुंद झालं. "माणसानं विचारून झाड तोडायचं नाय, म्हणून तर कौल असतो," ते म्हणाले. "तुला रीत नको, देव नको, फक्त झाड हवं. उद्या सकाळी ये. पाला ने पाहिजे तेवढा."

* * *

"गेलीस कशाला तोंड वेंगाडायला?" कमलाआत्याने चहाचा कप जमिनीवर असा आदळला की बशीत सांडला. पडवीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सुरंगीच्या कळ्यांची टोपली होती आणि आत्या कळ्यांच्या देठांतून दोरा ओढत होती. "तुझ्या आजानं त्यांच्या देवाकडे पाठ केली ती काय तू जाऊन पाया पडावंस म्हणून?"

"पाया पडले नाही मी."

"चुकले म्हणालीस ना? सगळ्या गावात झालं. त्या आत्मारामाची मालनच सांगत होती विहिरीवर."

"चुकलं ते चुकलं म्हणायला नको?"

"त्यांच्यापुढं? त्यांनी कधी म्हटलं?"

"ते म्हणेपर्यंत मी थांबू? तोवर झाड राहील?"

"गेलं तर गेलं. कुणाचं होतं?"

"आत्या, तू त्याचीच फुलं ओवतेयस."

आत्याचा दोरा तुटला. तिने तो दातांत धरून पुन्हा गाठला. तेवढ्यात स्वप्नाचा फोन वाजला. विनीत सर.

"अगं कुठे आहेस? पेपर तयार केलाय मी. जुने फोटो लावलेत. आणि खूश हो, तुझं नाव पहिलं टाकलंय."

स्वप्ना उठून अंगणात गेली. एका दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी तिचं नाव मानाने घेत होतं.

"माझं नाव काढा, सर."

"काय?"

"बुरशी आज काम करत नाही, हे त्यात लिहिलंय का? नाही ना? मग माझं नाव काढा. आणि बुरशी मी काढलीय, फोटो मी काढलेत. माझ्याशिवाय पाठवलंत तर मी स्वतः लिहून कळवीन सगळीकडे, की हे खळं आता पडत नाही."

"स्वप्ना, चार वर्षं पाण्यात जातील तुझी."

"जाऊ देत. त्या ट्रकवाल्याचा पाय गेलाच ना?"

"कोण ट्रकवाला?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिने फोन बंद केला.

* * *

सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा ती गडग्याबाहेर उभी होती. करवतवाल्याने आधी बाहेरची फांदीच घेतली, वाट मोकळी व्हावी म्हणून. फांदी करकरली, आणि मग गडग्यावर आडवी पडली. कळ्यांचा सडा चिऱ्यांच्या दोन्ही अंगांना झाला. स्वप्नाने हुंदका दिला नाही. ती गुडघ्यांवर बसली, कोवळी डहाळी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, डब्यात भरली. या पानांतून बुरशी पुन्हा निघेल. कदाचित बोलेलही. आणि पुन्हा नळीत जाऊन मुकी होईल, तेव्हा तिला न्यायचं कुठे? या फडक्यात भरलेलं सगळं मेलेलं होतं, फक्त अजून हिरवं होतं.

मग खोड पडलं. जमीन हादरली, मधमाश्या धुरासारख्या वर उठल्या, आणि ज्या जागी इतकी वर्षं अंधार होता तिथे भसकन ऊन पडलं. त्या उन्हात तिला ती दिसली.

रोपं. सुरंगीची, घोट्याएवढी, काही पोटरीएवढी. गेल्या पावसाळ्यातली आणि त्याच्या आदल्या पावसाळ्यातली, पाचोळ्यातून वर आलेली. याच झाडाच्या बियांची, याच मातीतली, याच झाडाखाली वाढलेली. आणि जेसीबी बादली खाली करून त्यांच्याच दिशेने वळत होतं.

स्वप्नाने गडग्यावर पाय टाकला. इतकी वर्षं ती या गडग्याच्या इतक्या जवळ येऊन गेली होती, पण आत कधी गेली नव्हती. कुणी अडवलं म्हणून नव्हे, आपण जायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून. आता ठरवायला वेळ नव्हता. ती आत उतरली आणि सरळ मशीनच्या पुढे जाऊन बसली. ड्रायव्हरने शिवी हासडून ब्रेक मारला.

"अगो ए!" आत्माराम धावले. "चप्पल! चप्पल काढ आधी! आणि करतेस काय तू?"

ती हातांनी माती उकरत होती. जवळ पडलेली कुणाचीशी कोयती तिने उचलली आणि रोपाभोवती गोल खोचली.

"रोपं देवाची हायत. त्यांचा कौल घेतलेला नाय!"

"झाडाचा घेतलात ना?" ती वर न बघता म्हणाली. "झाड पाडायला माझा शब्द चालला. मग त्याखालचं उचलायला पण चालेल. मशीनखाली चिरडणार होतात तेव्हा ती कुणाची होती?"

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. देवरहाटीतलं झाड कुणाच्या परवानगीनं तोडलं, तेही विचारू दे त्यांना."

कुणी पुढे आलं नाही. गडग्याच्या आतल्या बाजूला गावातल्या बायका लुगडी घेऊन उभ्या होत्या, पडलेल्या फांद्यांवरच्या शेवटच्या कळ्या खुडायला. त्यांतून आत्मारामांची बायको मालन पुढे झाली. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गाऱ्हाण्यात हिचं नाव घेतलंत, आता हिला हाकलताव? देवाला काय दोन तोंडांनी बोलताव?" एवढंच बोलली. स्वप्नाला मदत करायला वाकली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. ओच्यात कळ्या भरल्या आणि निघून गेली.

आत्माराम बाजूला झाले. स्वप्नाने हाताला लागतील तेवढी रोपं मुळाच्या मातीसकट उचलली, ओढणीत बांधली आणि जशी आली तशी गडग्यावरून परत उतरली. चप्पल पायात होती.

वाडीत आत्या दारातच उभी होती. "दारात नको हं मला हे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या देवाचं."

"देवाचं नाहीय आत्या. झाडाचं आहे."

"वास तोच येणार ना?"

"फुलं यायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर भांड माझ्याशी."

आत्याने नाक उडवलं, पण आतून पहार आणून दिली. घरामागे नुसता कातळ. जिथे खड्डा धरावा तिथे पहार ठणकन उडायची आणि मनगटाला झिणझिण्या यायच्या. स्वप्ना मारत राहिली. प्रत्येक घावाला कुणाचं तरी तोंड समोर यायचं: हात धुतलेस का विचारणारे सर, सासऱ्याच्या कोटावर हसणारे ते, पटकन उजवा दिला म्हणून खूश झालेले आत्माराम, आणि सभेत ताठ मानेने उभी असलेली ती स्वतः. कातळाचा कपचा उडाला की जरा बरं वाटायचं. यांतली किती रोपं जगतील, कुणास ठाऊक. जगतील त्यांच्या कोवळ्या पानांना ती आपली मुकी बुरशी लावणार होती. बोलेल की नाही, हे त्या रोपांनाच माहीत.

ऊन उतरल्यावर वाडीच्या वाटेवर आत्माराम दिसले. एकटेच. अंगणाच्या कडेला येऊन थांबले, आत आले नाहीत. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती.

"बायका ऐकत नायत," ते म्हणाले. "मालन तर बोलतच नाय माझ्याशी. देवळापुढं फार उघडं दिसतंय. कसं तरी होतं बघून." त्यांनी रोपांकडे बघितलं. "त्यातलं एक देतेस काय? मंडपाच्या कडेला लावतो. कुंपण घालतो. माझ्या हातानं पाणी घालीन."

आत्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा स्वप्नाकडे बघितलं. "दे गो एक," ती पुटपुटली. "म्हातारा माणूस हाय."

स्वप्ना पहारीवर रेलली. हाताला फोड आले होते, एक फुटला होता. झाडं जितकी जास्त तितकं तिच्या कामाचं, हे तिला कळत होतं. एक इथलं मेलं तर तिथलं राहील, आणि तिथली माती खरं तर इथल्यापेक्षा बरी. समोर उभ्या माणसाचे डोळे खोटे नव्हते, तेही तिला दिसत होतं. हे सगळं तिने नीट बघितलं, आणि आजोबांची न वळलेली मानही.

"नाही," ती म्हणाली.

"एकच, पोरी."

"नाही म्हटलं ना."

आत्माराम तिथेच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. स्वप्नाने पहार दोन्ही हातांनी वर उचलली आणि पुढच्या खड्ड्यासाठी कातळावर घातली.